उतारावरून होडीपर्यंत पेट्रोल: 20 लिटरचा लोखंडी जेरीकॅन आणि सायफन नळी

पेट्रोलने भरलेला 35 लिटरचा प्लास्टिकचा कॅन खांद्यावर, पायात स्लिपर आणि खाली शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या, हे दृश्य कोकणातल्या खाड्यांवर नवीन नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, बामणोली-तापोळ्याकडे, अडचण वेगळी असते. पावसाळ्याअखेर पाणी वरपर्यंत असते. मे महिन्यात ते खोल जाते आणि रस्ता व होडी यांच्यामध्ये भुसभुशीत मातीचा उघडा उतार उरतो. दोन्हीकडे चालेल असा सर्वांत भरवशाचा संच म्हणजे 20 लिटरचा दाबबंद झाकणाचा लोखंडी जेरीकॅन आणि दोन मीटर लांबीची, झटका देऊन चालू होणारी सायफन नळी. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाच्या छोट्या होड्यांसाठी तो जरूर घ्यावा. मोठ्या डिझेल लाँचसाठी मात्र तो फार छोटा पडतो.

लोखंडाचा आग्रह कायद्यामुळेही आहे. पेट्रोलियम कायदा, 1934 नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय जास्तीत जास्त 30 लिटर जवळ ठेवता येते, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडे धातूचे असेल तर ते 25 लिटरपेक्षा मोठे चालत नाही. म्हणजे तो 35 लिटरचा प्लास्टिकचा कॅन पेट्रोलसाठी प्लास्टिक म्हणूनही आणि आकारानेही बाद. 20 लिटरचा जेरीकॅन नियमात बसतो, पण दोन भरले की 30 लिटरची मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे एका खेपेला एकच कॅन. पंपावर सुटे पेट्रोल मिळते का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

या कॅनची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. वर तीन मुठी असतात. मधली एकट्याने उचलायला, बाजूच्या दोन दोघांनी मिळून धरायला. उताराच्या पायवाटेवर दोघांनी धरणे हाच खरा फायदा, कारण एकाचा पाय घसरला तरी कॅन दुसऱ्याच्या हातात राहतो. मुठींखाली हवेसाठी कप्पा असतो, त्यामुळे पेट्रोलने भरलेला कॅन पाण्यात पडला तरी तरंगतो. डिझेल भरले तर जेमतेम तरंगतो. झाकण कडीने दाबून बसते आणि कडीत पिन जाते. पिन नसलेला कॅन उतारासाठी घेऊ नये, कारण दगडावर आपटताना कडी उचकटते.

भरायचे 18 लिटरच. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगते. सावलीतून उन्हात जाताना तापमान 20 अंशांनी वाढले तर 20 लिटरचे जवळपास 400 मिलिलिटर जास्त होते. ती जागा कॅनमध्ये हवी. 18 लिटर पेट्रोल आणि रिकामा कॅन मिळून वजन 18 किलोच्या आसपास होते. टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागणाऱ्या) इंजिनाला 50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल लागत असेल तर 360 मिलिलिटर ऑइल वरच, सपाट जागेवर मिसळावे. खाली जाताना कॅन हलतो तेव्हा मिश्रण आपोआप नीट होते. पंपावर भरताना कॅन गाडीत ठेवून भरू नये. जमिनीवर ठेवून, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवूनच भरावे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही.

उतार तीव्र असेल आणि पाय ठरत नसतील तर कॅन हातात न्यायचा नाही, दोराने सोडायचा. 10 ते 12 मिलिमीटरचा नायलॉनचा दोर तिन्ही मुठींतून ओवून बांधावा आणि वरच्या खांबाला किंवा घट्ट ठोकलेल्या खुंटीला दोन वेढे द्यावेत. 30 अंशांच्या उतारावर 18 किलोचा कॅन फार तर 9 किलोने ओढतो. एवढी ओढ दोन वेढ्यांवर एक माणूस सहज सांभाळतो. कॅनखाली लाकडी फळी बांधली की तो दगडांना अडत नाही आणि रंगही खरवडला जात नाही. पॉलिप्रोपिलिनचा दोर स्वस्त असतो आणि तरंगतो, पण खांबावर घासून तापला की वितळतो. खाली उभ्या माणसाने कॅनच्या सरळ रेषेत थांबू नये, बाजूला राहावे. दोनचाकी ट्रॉली पायऱ्यांवर निरुपयोगी आहे. मातीच्या उतारावर वापरायचीच असेल तर माणूस ट्रॉलीच्या वरच्या बाजूला हवा.

आता सायफन नळी. तिच्या टोकाला पितळी तुकडा आणि आत गोळी असते. तो भाग पेट्रोलमध्ये बुडवून पाच-सहा वेळा वरखाली झटकला की धार सुरू होते. तोंडाने ओढायची गरज नाही, आणि तसे कधीही करू नये. कॅनमधल्या पेट्रोलची पातळी नळीच्या दुसऱ्या टोकापेक्षा मीटरभर वर असली तर दोन-तीन मिनिटांत टाकी भरते. थांबवायचे तर पितळी टोक पेट्रोलच्या वर उचलायचे.

ही नळी आपणहून थांबत नाही, हा तिचा मोठा दोष. लाटेने होडी हलली की दुसरे टोक टाकीतून निसटते आणि पेट्रोल थेट तळाशी वाहते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती होडीच्या तळात साचून बसते, वाऱ्याने सहज निघत नाही. म्हणून सुटी टाकी होडीतून काढून धक्क्यावर किंवा किनाऱ्यावर ठेवूनच भरावी. टाकी बसवलेली असेल तर एकाने नळीचे टोक धरून ठेवावे, दुसऱ्याने कॅन सांभाळावा. इंजिन, बॅटरीचा स्विच, मोबाइल, विडी, सारे बंद. सांडलेच तर फडक्याने टिपून घ्यावे, ते फडके किनाऱ्यावर आणावे, तळ उघडा ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत इंजिनाला हात लावू नये. साबणाचे पाणी ओतून पेट्रोल पाण्यात ढकलणे म्हणजे खाडी नासवणे. कोरड्या पावडरीचे अग्निशामक वारा येतो त्या बाजूला, हाताशी असावे.

इतके चढउतार कशाला, वरून लांब नळी सोडून भरता येईल, असे पुष्कळांना वाटते. ही कल्पना सोडून द्यावी. 12 मिलिमीटर आतील व्यासाच्या 20 मीटर नळीत सव्वादोन लिटर पेट्रोल अडकून राहते, आणि बंद केल्यावर ते कुठे रिकामे करायचे याचे उत्तर नसते. आठ मीटर उंचीवरून आलेल्या पेट्रोलचा खालच्या टोकाला दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून अधिक असतो, त्यामुळे साध्या क्लिपने बसवलेला जोड सुटू शकतो. वरचा माणूस आणि खालचा माणूस एकमेकांना दिसत नसतील तर धार कुणी थांबवायची? शिवाय साध्या प्लास्टिकच्या लांब नळीतून वेगाने पेट्रोल गेले की स्थिर वीज साठते.

जेरीकॅनच्या उणिवा खाऱ्या हवेत लवकर दिसतात. तळाच्या शिवणीला आणि मुठींच्या जोडांना आधी गंज धरतो, म्हणून रंग उडाला की लगेच लावावा. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते, म्हणून अर्धा भरलेला कॅन महिनोन्महिने ठेवू नये. शेवटचे अर्धा लिटर नळीने येत नाही. ते तसेच राहू द्यावे, गाळ आणि पाणी त्यातच असते. ते वेगळ्या बाटलीत निथळून पाहावे.

खरेदी करताना झाकण लावून रिकामा कॅन बादलीतल्या पाण्यात दाबावा. बुडबुडे आले तर शिवण किंवा वॉशर खराब आहे. वॉशर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सहन करणाऱ्या नायट्राइल रबराचा मागावा. साधा रबरी वॉशर फुगतो, मग कडी बसत नाही. दोन वॉशर जास्तीचे घेऊन ठेवावेत, आणि नळी पिवळी पडून कडक झाली की नवी घ्यावी. सोबत मिळणारी पत्र्याची तोटी मात्र निराश करते. तिच्या जोडातून थेंब गळतात आणि धार गचके देत पडते, म्हणून होडीजवळ तिचा उपयोग नाही.