पॅकेजमधलं काउन्सेलिंग फक्त कागदावर निघालं

ताईच्या स्लीव्ह सर्जरीबद्दल (वजन कमी करायला जठर लहान करतात ती) बरेच जण विचारतात म्हणून लिहितेय. ऑपरेशन नीट झालं, सर्जनबद्दल तक्रार नाही, गंडवलं ते पॅकेजमध्ये. हॉस्पिटलचं नाव वकिलांनी टाकू नका सांगितलंय.

पॅकेजच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं, सायकॉलॉजिस्टची तपासणी, डाएटिशियन आणि वर्षभर काउन्सेलिंग, सगळं धरून. नंतर त्रास सुरू झाला तेव्हा आम्ही फाईलची कॉपी मागितली (लेखी मागितली की ७२ तासांत द्यावी लागते, नियम आहे, "सिस्टीम डाऊन आहे" वगैरे ऐकून परत येऊ नका) तर त्यात चक्क एक पानी रिपोर्ट, ईटिंग डिसऑर्डर नाही, डिप्रेशन नाही, फिट फॉर सर्जरी, खाली सायकॉलॉजिस्ट बाईंचा सही-शिक्का. ताई त्या बाईंना आयुष्यात भेटलेली नाही! रिपोर्टवरच्या तारखेला ती अकोल्याला दिराच्या लग्नात होती, हळदीचे फोटो आहेत फोनमध्ये. आणि काउन्सेलर म्हणून जी गोड बोलायला यायची ती पेशंट कोऑर्डिनेटर, म्हणजे ॲडव्हान्स कधी भरताय विचारणारी.

कोणी विचारलं असतं तर ताईने सांगितलं असतं ना. टेन्शन आलं की सगळे झोपल्यावर पोट दुखेपर्यंत खायचं, हे तिचं कॉलेजपासूनचं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात, भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन पण कमी होतं, पण टेन्शन कुठे काढतात? आता चिकनचा नाहीतर भाकरीचा घास छातीत अडकतो, तोंडाला फेसाळ पाणी सुटतं की उलटी. मग जे सरकन उतरतं तेच खाल्लं जातं, चहात बुडवलेलं बिस्कीट, आईस्क्रीम, पातळ पोह्यांचा चिवडा चमचा चमचा करत अख्खा डबा. वर लोक म्हणणार किती बारीक झालीस गं, आणि ही घरी येऊन कंगव्यातले केस बघत रडणार.

फोन केला की एकच, "मॅडम हे नॉर्मल आहे", आणि प्रोटीन पावडर त्यांच्याच काउंटरवरून घ्या, बाहेर तोच डबा बराच स्वस्त. काउन्सेलिंगचं विचारलं तर म्हणे ते प्रीमियम प्लॅनमध्ये येतं. उलट्या थांबेनात तरी "पुढच्या व्हिजिटला बघू". शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लगेच व्हिटॅमिन बी-१ म्हणजे थायमिनची इंजेक्शनं चालू केली, म्हणाले सर्जरीनंतर सतत उलट्या असल्या की थायमिन संपतं, मग तोल जातो, एकाचे दोन दिसतात, मेंदूला कायमची इजा होऊ शकते, यात वाट बघत बसायचं नसतं. हे आम्हाला डिस्चार्जच्या वेळी एका शब्दाने सांगितलेलं नव्हतं.

सर्जरीला माझा विरोध नाही हां, शुगरवाल्यांना खरंच फायदा होतो. पण सायकॉलॉजिस्ट समोर बसून बोलल्याशिवाय पैसे भरू नका, आणि त्यांचा आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी तिथे होते) रजिस्ट्रेशन नंबर विचारा. गॅस्ट्रिक बायपास (हृदयाची नव्हे, वजनासाठीचीच दुसरी सर्जरी) करणार असाल आणि घरात कोणी पिणारं असेल तर तेही आधी बोला, कारण नंतर दारू लवकर आणि जास्त चढते, खाण्याची जागा बाटली घेते असे पेशंट असतात. रात्री-बेरात्री मनाला फारच त्रास वाटला तर टेलीमानस १४४१६, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

ताई आता बाहेर एका मॅडमकडे जाते, पैसे वेगळे. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, त्यावर हॉस्पिटलचं उत्तर आलंय की तो रिपोर्ट "क्लेरिकल मिस्टेक" होता. मग सही काय क्लार्कने केली का?