ऑनलाइन नर्सरीतून मागवलेलं झेरोग्राफिका

खोक्यात माती नाही, कुंडी नाही; कागदात गुंडाळलेला चंदेरी पानांचा गुच्छ, एकही पान मोडलेलं नाही. मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं हे टिलँडसिया, म्हणजे मातीशिवाय वाढणारं झाड (एअर प्लांट), पाणी पानांवरच्या बारीक खवल्यांतून पितं, मुळं फक्त धरून ठेवायला. आमच्या यवतमाळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून ओसरीत सकाळचं कोवळं ऊन लागेल तिथं टांगलंय. बोअरचं पाणी क्षारांचं, ते देऊच नका. पावसाचं साठवून ठेवा. बुडवून काढलं की उलटं धरून झटका, गाभ्यात पाणी साचलं तर कुजतं. वाढ अगदी सावकाश, पण नवं पान दिसलं की मन भरून येतं! सोबतच्या चिठ्ठीत ‘रोज फवारा’ लिहिलंय. आमच्याकडच्या दमट श्रावणात ते अजिबात करू नका.