ल्युसिड ड्रीमिंगचा मास्क, आठ महिन्यांनंतर: दिवा गेला, इलॅस्टिक राहिलं

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळावं, म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग व्हावं, म्हणून घेतलेल्या मास्कचा डावा दिवा गेल्या आठवड्यात गेला, म्हणून एकदाची लिहायला बसले. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, घामाने गेला, वॉरंटीत बसत नाही. रात्रभर डोळ्यांवर बांधायची वस्तू, तिला घाम लागणार नाही तर काय? चार मेल झाले, पाचव्याला उत्तरच नाही.

पण दिव्याआधी पट्टा. तो बनवणारा माणूस बहुधा उभ्यानेच झोपत असावा. बकल बरोबर डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर येतं. कुशीवर वळलं की ते कानामागे टोचतं आणि मास्क नाकावर उतरतो. महिनाभर सोसलं, मग पट्टा कापून जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक शिवलं. एवढ्या महागड्या वस्तूत आज तेवढंच धड आहे.

काम काय करतो ते ठाऊक असेलच: रेम झोपेत, म्हणजे बहुतेक स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, डोळे हलू लागले की लाल दिवे लुकलुकतात, आणि ते पाहून आपल्याला स्वप्नातच कळावं की हे स्वप्न आहे. दिवा स्वप्नात शिरतो, पण सोंग घेऊन. माझ्याकडे तो कधी गाडीचा ब्रेक लाइट झाला, कधी लिफ्टचं बटण. एकदा तर घराला आग लागली आणि मी बादल्या भरत राहिले. वहीत मोजलं, दिव्यामुळे भान आलं ते फक्त सहा वेळा.

फुकटातल्या उपायाने एकोणीस वेळा. पाचेक तास झोपून उठायचं, अर्धा तास जागं राहायचं, मग ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल’ असं मनाशी घोकत परत झोपायचं. पहाटेकडे रेमचे टप्पे लांबतात, त्याचा हा फायदा. स्वप्नात भान येणं हे थोतांड म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: 1975 मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात किथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने स्वप्नातून डोळे ठरवून हलवत दिलेला इशारा यंत्रावर टिपला होता.

भान येणं सोपं, टिकवणं अवघड. पहिले तीन महिने ‘अरे, स्वप्न!’ म्हणून हरखले की दहा सेकंदांत छताकडे बघत पडलेली. स्टॅनफर्डमध्ये स्वप्नांवर संशोधन केलेल्या स्टीफन लाबर्ज यांनी सांगितलेली गिरकी स्वप्नातच घेऊन पाहिली. स्वप्न टिकलं, पण जागा बदलली. सभागृहात होते, थांबले तर पोहण्याच्या तलावावर. शेवटी उपयोगी पडलं ते हात चोळणं. स्वप्नातले तळवे एकमेकांवर घासायचे, त्यांची ऊब जाणवेपर्यंत. लक्ष त्या हातांत गुंतलं की अंथरुणातलं अंग आठवत नाही. एकाच वस्तूकडे टक लावली की मात्र सगळं विरघळतं. आता चार-पाच मिनिटं सहज मिळतात, निदान तेवढी वाटतात.

एवढी धडपड बैठकीत बोलण्यासाठी. मला चारचौघांत उभं राहिलं की आवाज कापायचा. 2010 मध्ये एरलाखर आणि श्रेडल यांच्या प्रयोगात स्वप्नात नाणं पेल्यात टाकण्याचा सराव करणाऱ्यांचा नेम जागेपणी सुधारला होता. म्हटलं, मग बोलण्याचा सराव का नाही? पहिल्यांदा समोरच्या सगळ्या खुर्च्यांवर माझे साहेबच बसले होते. मी बोलले ते माझं मलाच कळलं नाही. सातव्या-आठव्या वेळी पाय स्थिर राहिले. खऱ्या बैठकीत आवाज अजून कापतो, पण हात वर करते. आधी तेही नव्हतं.

इथपर्यंत लिहून मास्कला एक तारा देणार होते. आता वही पुन्हा चाळली, तर ती सभागृहाची पहिली रात्र दिव्याचीच निघाली: प्रोजेक्टरवर लाल ठिपका लुकलुकला आणि मला कळलं. नाइलाजाने दोन तारे. तिसरा पट्ट्याने खाल्ला.

पहाटे उठण्याचा प्रकार मी सुट्टीच्या आदल्या रात्रीच करते. रोज केला तेव्हा दिवसभर जांभया, आणि दोनदा जाग येऊनही हातपाय हलेनात. छातीत धस्स होतं. ज्यांची झोप आधीच बिघडलेली आहे त्यांनी या फंदात पडू नये.

मास्क फेकलेला नाही. चार्ज न करता नुसता उजेड अडवायला बांधते. इलॅस्टिक छान बसतं.