भाड्याची ड्रेपरी की स्वतःचा कपडेपट? कोकणातल्या जिवंत संग्रहालयासाठी

किनाऱ्यालगतच्या जुन्या वाड्यात जिवंत संग्रहालय (जिथे माणसं जुन्या पोशाखात जुनी कामं करून दाखवतात) काढायचं ठरलं की वाडा, विहीर, घाणा, जातं, भाताची उखळी यांवर महिनोन्‌महिने बोलणं होतं. कपड्यांचा विषय शेवटच्या बैठकीत निघतो आणि कुणीतरी म्हणतं, "ते काय, ड्रेपरीवाल्याकडून आणू," म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्याने देणाऱ्याकडून. माणसं मात्र उखळाआधी उखळात कांडणाऱ्या बाईकडे बघतात. तिच्या अंगावर सॅटिनचं लुगडं असेल, तर उखळ कितीही खरं असलं तरी तिथे नाटकच उभं राहतं.

मी अशाच एका संग्रहालयाचा कपडेपट, म्हणजे पोशाखांचा साठा, सांभाळते. ज्यांना हा निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवते. माझा कल आधीच सांगते: रोज अंगावर चढणारे, नेसायचे कपडे स्वतःचे घ्या. वर्षातून चार वेळा मिरवायचे शिवलेले कपडे खुशाल भाड्याने आणा.

आधी साल ठरवा

"शिवकाळ ते पेशवाई" असं मोघम ठरवलंत तर शिंपी, ड्रेपरीवाला आणि काम करणारी माणसं, प्रत्येकजण आपापल्या मनातला इतिहास अंगावर घालून येईल. आपल्या किनाऱ्यावर दोन काळ सहज सुचतात. एक १८१८ च्या आधीचा, आंग्रे-पेशव्यांचा. दुसरा १९१० च्या आसपासचा: ब्रह्मदेशाचा थिबा राजा रत्नागिरीत स्थानबद्ध आहे, त्याचा राजवाडा नुकताच बांधून झालाय, आणि मुंबईला गिरणीत लागलेला चाकरमानी आगबोटीने गावी येतोय.

कपडेपटाच्या खर्चात या दोन काळांचं अंतर फार मोठं आहे. पहिला काळ घेतलात तर सेफ्टी पिन चालणार नाही, ती १८४९ ची. मशीनची टीप चालणार नाही, सिंगरचं पेटंट १८५१ चं. पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये निघाला, म्हणजे झगझगीत जांभळा-गुलाबीही गेला. उरतात नीळ, मंजिष्ठ, आल (झाडाच्या मुळांचा लाल रंग), हळद, आणि त्यातली हळद उन्हात पाहता पाहता उडते. दुसऱ्या काळात हे सगळं चालतं. मुंबईत कापडगिरण्या १८५० च्या दशकात सुरू झाल्या, त्यामुळे १९१० च्या वाड्यात मांजरपाट, गिरणीचं धोतर, चिटाचं कापड, बटणांचा सदरा, चाकरमान्याचा कोट आणि टोपी हे सगळं हक्काने येतं, आणि त्यातलं बरंचसं तालुक्याच्या बाजारात मिळतं.

प्रेक्षक शिवकाळच मागतात, हे खरं आहे. विजयदुर्ग किंवा सुवर्णदुर्ग बघून आलेल्या माणसाला मावळाच बघायचा असतो. जवळ किल्ला असेल तर तो काळ जरूर घ्या, पण मग माणसं कमी ठेवा. नीट कपड्यातली चार माणसं मखमलीतल्या वीस माणसांपेक्षा जास्त सांगून जातात. हाताशी पैसे थोडे आणि शिंपी एकच असेल तर मात्र मी १९१० च घेईन.

भाडं आणि मालकी

भाड्याची बाजू आधी, कारण ती लंगडी नाही. ड्रेपरीवाला धुतो, इस्त्री करतो, पावसाळ्यात सांभाळतो. पगडी, तलवार, मोजडी, दागिने एकाच पेटीत येतात. लहानमोठी मापं असतात. तुमचं संग्रहालय फक्त शिवजयंतीला आणि दिवाळीच्या सुटीत गजबजणार असेल, वर्षाकाठी आठ-दहाच दिवस पोशाख लागणार असेल, तर स्वतःचा कपडेपट काढू नका. उरलेले दिवस तो नुसता बुरशीशी झगडत बसेल.

अडचण रोजच्या वापरात येते. ड्रेपरीचं कापड रंगमंचासाठी असतं: दहा-पंधरा हात लांबून, दिव्यांच्या झोतात, दोन-तीन तास. आपल्याकडे प्रेक्षक हातभर अंतरावर उभा असतो आणि भर दुपारी. मखमल, सॅटिन, टिकल्या, पाठीला वेल्क्रो हे सगळं त्याला दिसतं. शिवाय डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं असतात. आपला पर्यटकांचा हंगाम आणि त्यांची मागणी एकाच वेळी येते, मग मिळेल ते घ्यावं लागतं.

आणि एका बाबतीत तडजोड नकोच. चुलीपाशी बसणारी बाई, लोहाराच्या भात्यापाशी उभा असलेला गडी यांच्या अंगावर पॉलिएस्टर कधीही नको. सुती कापड पेटतं तेही धोक्याचंच, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. भाड्याच्या कपड्यात कुठल्या धाग्याची किती भेसळ आहे हे कुणी सांगत नाही. स्वतःच्या कपड्याचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळून बघता येतो: सुताला जळत्या कागदासारखा वास आणि हलकी राख, पॉलिएस्टरची कडक गुठळी. आमच्याकडे नवीन कापड या परीक्षेशिवाय शिवायला जात नाही.

सिंधुदुर्गात काहीजणांच्या मनात दशावतारी मंडळाकडे विचारावं असं येतं. तिकडे जाऊ नका. पेटारा त्यांच्यासाठी पुजायची वस्तू आहे आणि पोटापाण्याचं साधनही. त्यातला पोशाख देवांचा आणि पुराणातल्या राजांचा, तो कुळवाड्याच्या किंवा शिपायाच्या अंगावर शोभणार नाही.

आता मालकी. ऐकायला महाग वाटते, पण इथे आपल्या जुन्या पोशाखाचा मोठा आधार आहे: त्यातलं बहुतेक शिवायचंच नव्हतं. धोतर, पंचा, उपरणं, पागोटं, लुगडं, लंगोटी, घोंगडी. यांना माप नाही. आज एक गडी गेला, उद्या त्याच्या दुप्पट देहाचा आला, तरी धोतर तेच. नऊ वारांचं लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, आणि ते कॉलेजातल्या मुलीलाही पुरतं, तिच्या आजीलाही. फाटलं तर धडका भाग काढून पंचा होतो, उरलेल्याची वाकळ. युरोपातल्या खुल्या संग्रहालयांना (यातलं पहिलं मोठं, स्टॉकहोमचं स्कानसेन, १८९१ चं) प्रत्येक माणसाच्या मापाचा कोट आणि घागरा शिवावा लागतो. आपला तो खर्च निम्म्याहून जास्त वाचतो, आणि मालकी परवडते ती यामुळेच.

शिवलेली नऊवारी की नेसायची?

शिवलेली नऊवारी दोन मिनिटांत चढते, सुटत नाही. पर्यटकांना हौसेने घालून फोटो काढायचा कोपरा असेल तर तिथे दोन-तीन जरूर ठेवा. काम करणाऱ्या बायकांना मात्र ती देऊ नका. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत आवळलेलं, कारण चिखलात, पाण्यात, डोईवर पाटी घेऊन चालायचं असतं. भातलावणीला उतरणारी कुणबीण कासोटा वेगळा मारते. वाड्यातली बाई घोळदार, पायघोळ नेसते. ही तीन नेसणं शेजारी शेजारी दिसली की बघणाऱ्याला कष्टाचा आणि घराण्याचा फरक कळतो, पाटी वाचावी लागत नाही. शिवलेली नऊवारी या तिघींना एकसारखं करून टाकते.

शिकवायला बाहेरचा माणूस आणू नका. वाडीतल्या म्हाताऱ्यांना बोलवा, त्यांना मानधन द्या, खुर्ची द्या. आमच्याकडे एका आजींनी पहिल्याच दिवशी एकीचा कासोटा सोडायला लावला आणि म्हणाल्या, "बाय, ह्या नेसून तू वाकलंस तर सुटतला. परत नेस." नंतर तिला दहा वेळा वाकायला लावून बघितलं. एवढी कठोर तालीम कुठल्याही कार्यशाळेत होत नाही.

आणखी एक, आणि हे मनापासून सांगते: कुणाला काय नेसायला द्यायचं हे आडनाव बघून ठरवू नका. कोळीवाड्यातल्या मुलीला कोळीणच करायचं आणि वाड्याच्या मालकिणीचं लुगडं दुसऱ्या कुणाला द्यायचं, अशी वाटणी आपोआप होऊन जाते. ती होऊ देऊ नये.

शिवायचे कपडे थोडेच उरतात: चोळी, बाराबंदी, अंगरखा. हे शिवताना जुनं बेतणं धरा. बाराबंदीच्या काखेत चौबगला, म्हणजे चौकोनी तुकडा, घालायलाच हवा. हल्लीच्या शर्टासारखी गोलाई कापून बाही लावली की रहाटाचं पाणी ओढणाऱ्याची काख आठवड्यात उसवते. चौबगला असेल तर हात वर गेला तरी अंगरख्याचा घेर वर चढत नाही. आमचे शिंपी सुरुवातीला म्हणायचे, "वहिनी, मशीन मारतो ना, कुणाला दिसतंय!" शेवटी असं ठरलं की आतली टीप मशीनची, बाहेरून दिसणारी हाताची. १९१० चं संग्रहालय असेल तर तीही गरज नाही.

पगडी स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. ते पगडबंदाचं काम. एकच चांगली विकत घ्या किंवा भाड्याने आणा. बाकीच्यांना रोज बांधायचं पागोटं.

पावसाचे चार महिने

इतर ठिकाणच्या सल्ल्यावर कोकणात कपडेपट चालवता येत नाही, त्याचं कारण हे. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की कापडावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो ८० च्या पुढेच असतो. जास्त काळजी ठेवणीची लागते, धुण्याची त्यामानाने कमी.

लोखंडी ट्रंक की कपाट की दांडी? ट्रंक उंदरांपासून वाचवते, पण आत हवा खेळत नाही आणि खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो. गंजाचा डाग सुतावर बसला की लिंबू-मीठ लावून फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही. मला लाकडी दांड्या आणि उघड्या फळ्यांची, माजघराला लागून असलेली खोली सगळ्यात बरी वाटते, वर माळा असलेली. थेट कौलांखालच्या खोलीत आर्द्रता ओढणारं यंत्र लावणं म्हणजे वीज वाया घालवणं, कारण कौलांतून हवा येतच राहते. माळा असलेल्या, दारं बंद होणाऱ्या लहान खोलीत ते यंत्र चांगलं काम देतं.

खळ दिलेलं धोतर कधीच ठेवू नका. खळीला झुरळं आणि कसर लागते. पावसाच्या तोंडावर सगळं सुती कापड साध्या पाण्याने खळ काढून, कडकडीत वाळवून ठेवायचं, खळ पुन्हा दसऱ्याला. मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, त्यात शेवटचं खळबळणं नको. लोकरीच्या घोंगड्यांना अळी लागते. वेखंड, कडुनिंबाचा पाला तिला दूर ठेवतो, मारत नाही. घोंगडी प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली की अळी आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, नाहीतर घोंगडीवर पाणी सुटतं. डांबरगोळ्या मी वापरत नाही. ज्या माणसाला तो कपडा दिवसभर अंगावर घालायचाय त्याच्या श्वासाचा विचार करावा लागतो.

गंजणाऱ्या हुकांऐवजी नाड्या आणि गाठी ठेवा. चोळीची गाठ तशीही पुढेच असते.

पावसात संग्रहालय उघडं ठेवणार असाल तर माणशी चार जोड धरा, एरवी तीन पुरतात. आणि इरली करून घ्या. बांबूच्या कामट्यांवर पानं बांधून केलेलं इरलं डोक्यावर घेतलेली बाई पावसात वाफ्यात उभी राहिली की मुलं वाडा सोडून तिच्याकडे धावतात. इरलं विणणारी माणसं अजून आहेत, पण त्यांना कुणी काम देत नाही.

कुणी आजीचा खरा जुना शालू आणून दिला तर तो नोंदवहीत चढवा, सैलसर गुंडाळून काळोखात ठेवा. अंगावर चढवू नका, एका दिवसासाठीही नाही.

पहिला पगार कुणाला?

मुंबई-पुण्याच्या वेशभूषाकाराला की गावातल्या बाईला? वेशभूषाकाराला सुरुवातीला थोडे दिवस बोलवा, काळ आणि बेतणं नक्की करून घ्या. कायमचा पगार धुणं आणि शिवण दोन्ही जाणणाऱ्या स्थानिक बाईला द्या. कपडे काम करणाऱ्यांनी घरी नेऊन धुवायचे, ही पद्धत स्वस्त वाटते. प्रत्यक्षात कुणी ब्लीच घालतं, कुणी निळीचा अतिरेक करतं, आणि दोन महिन्यांत सहा धोतरं सहा रंगांची होतात. प्रत्येक कपड्याच्या आतल्या कडेला कापडी पट्टीवर आकडा शिवा, वहीत त्याच आकड्यासमोर धुतल्याची, दुरुस्तीची तारीख.

खरेदी दसऱ्यानंतर करा. मे महिन्यात घेतलेलं कापड न वापरताच पहिला पाऊस काढतं. पहिल्या हंगामात सहा माणसांपुरतं घ्या: जोड तीन-तीन, दोन घोंगड्या, एक पगडी भाड्याची. कोणतं काम करताना कोणता कपडा आधी फाटतो ते शिमग्यापर्यंत कळेल, पुढची खरेदी त्या वहीवरून.