‘काका, गाडी नुसती यार्डात लावा’

मे महिन्यात निवृत्त झालो आणि घरात पहिला विषय निघाला तो गाडीचा. २०१२ ची ईको, सात सीटची, पेट्रोल. आई होती तोवर तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या, वणीचं दर्शन, भाचरांची लग्नं, सगळं याच गाडीने केलं. सरकतं दार आणि आत चढायला सीटखाली ठेवलेला लाकडी पाट, एवढ्यावर आईचं भागायचं. आता आई नाही, मुलगी पुण्याला. वर्षभरात गाडी जेमतेम दोन हजार किलोमीटर फिरली होती. विमा, सर्व्हिसिंग, दर दोन वर्षांनी बॅटरी. बायको म्हणाली, “अहो, महिन्यातून दोनदा रिक्षा केली तरी स्वस्त पडेल.” माझं मन होत नव्हतं. मी नुसती चौकशी म्हणून नाशिकमधल्याच एका जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलो.

तिथल्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “काका, २०२७ ला पंधरा वर्षं भरतात. मग ही सरळ भंगारात. आत्ताच काय ते बघा.”

या वाक्याने मी घाबरलो, आणि इथेच माझं चुकलं. पंधरा वर्षांनी नोंदणी संपते हे खरं आहे, पण खासगी गाडी आरटीओत तपासून घेतली की नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो, इतकंच. पंधरा वर्षं झालेली पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायलाच बंदी, ही भानगड दिल्ली आणि आसपासच्या भागातली. त्या माणसाला हे नक्कीच ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

त्याने एक लाख सत्तर हजार सांगितले. मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. त्यावर तो अगदी आपुलकीने म्हणाला, “मग ठरवा की निवांत. गाडी नुसती यार्डात लावा, गिऱ्हाईक आलं की फोन करतो. नको वाटलं तर घेऊन जा.” पंधरा हजार विसार हातावर ठेवला. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, खरेदीदाराचं नाव आणि तारीख कोरी. आरसी आणि एक किल्ली ठेवून घेतली. पावती दिली, पण तिच्यावर नुसतं ‘ॲडव्हान्स’ आणि रक्कम. गाडी ताब्यात घेतल्याचा उल्लेखच नाही. बायकोने निघताना सीटखालचा पाट तेवढा काढून घेतला.

तीन आठवड्यांनी पहाटे पावणेसहाला मोबाइल वाजला. फास्टॅगमधून चांदवड टोलचे पैसे कापले गेल्याचा मेसेज. वाटलं, गिऱ्हाइकाला दाखवायला नेली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन मेसेज, जातानाचा आणि येतानाचा. फोन केला की “काका, ट्रायल चालू आहे.” मग फोन उचलणं बंद. यार्डात गेलो तर शटर खाली, आणि शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, आठ दिवस झाले, कुणी फिरकलं नाही.

त्यानंतर ई-चलन आलं, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवल्याचं. सोबतचा फोटो मी मोठा करून पाहिला. मागच्या काचेवरचं सप्तशृंगीचं स्टिकर अर्धं खरवडलेलं, आत माणसं दाटीवाटीने बसलेली आणि खाली नंबर माझा.

चलनाच्या पैशांचं मला काही वाटलं नाही. झोप उडाली ती वकिलांशी बोलल्यावर. ते म्हणाले, गाडी विकलीत तरी आरटीओच्या नोंदीत जोवर तुमचं नाव आहे तोवर अपघाताच्या भरपाईसाठी मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलेलं आहे. माझा विमा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपत होता. शिवाय खासगी गाडीत भाडं भरून माणसं नेली तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणजे चांदवडच्या रस्त्यावर कुणाचं काही बरंवाईट झालं असतं, तर माझी ग्रॅच्युइटी त्यात गेली असती आणि कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं असतं ते वेगळंच. तशाही स्थितीत मी विमा भरला.

पोलिसांनी आधी “हा तुमचा आपसातला व्यवहार” म्हणून परत पाठवलं. टोलचे सगळे मेसेज तारीखवार छापून, चलनाचा फोटो जोडून वरिष्ठांकडे लेखी अर्ज दिला तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ आणि ३१८ खाली, म्हणजे विश्वासघात आणि फसवणुकीचा, गुन्हा नोंदला गेला. आरटीओतही अर्ज दिला, की या गाडीचं हस्तांतरण करू नये. डिसेंबरात गाडी मिळाली. कोर्टात बंधपत्र लिहून देऊन घरी आणली. देताना मीटरवर एकसष्ट हजार होते, आता ब्याऐंशी हजार. मधली सीट काढून दोन बाजूंना लोखंडी बाकं ठोकलेली होती.

नंतर कळलेली एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या वयाच्या कुणालाच ती माहीत नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी भरून त्याची ऑनलाइन नोंद होते, आणि तिथून पुढची जबाबदारी त्याची. मी ते प्रमाणपत्र मागितलं असतं तर तो माणूस दाखवू शकला नसता. गाडी थेट कुणाला विकलीत तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नुसत्या सह्या करून फॉर्म दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे कळवणं नव्हे. आणि ठेवायची की विकायची हे ठरलेलं नसेल, तर गाडी आपल्याच दारात उभी राहू द्या. भाडं थोडंच पडतंय.

ठेवायची की विकायची हे आमचं अजून ठरलेलं नाही. ईको खाली उभी आहे, दोन्ही किल्ल्या घरात आहेत. कोऱ्या जागांवर माझ्या सह्या असलेले ते दोन फॉर्म मात्र अजून पोलिसांना सापडलेले नाहीत.