खिशातला डिजिटल क्लोरीन मीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाण्यातला क्लोरीन ०.२ आहे की ०.४ मिग्रॅ/लिटर, हा गुलाबी रंगाचा फरक संध्याकाळच्या उजेडात डोळ्यांना ओळखता येत नाही. तेवढ्यासाठी तरी रंग जुळवायच्या डब्यापेक्षा मीटर घेणं परवडतं. मात्र रीडिंग चुकलं की लोक यंत्राला नावं ठेवतात, आणि घोळ बहुतेक वेळा नमुन्याच्या काचेच्या नळीत किंवा घड्याळात असतो.

नमुन्याचा नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, त्याच पाण्याने नळी विसळून १० मिलीच्या खुणेपर्यंत भरायची आणि पुडी टाकण्याआधी झिरो घ्यायचा, म्हणजे त्या पाण्यावर मीटर शून्यावर आणायचा. मग डीपीडीची (क्लोरीनने गुलाबी होणाऱ्या रसायनाची) पुडी टाकून हलवायचं आणि मिनिटाच्या आत वाचायचं. रेंगाळलात तर पाण्यातलं क्लोरामाइनही (अमोनियाशी जुळलेला क्लोरीन) रंग देऊ लागतं आणि मुक्त, म्हणजे कशाशी न जुळलेला, क्लोरीन आहे त्याहून जास्त दिसतो. एकूण क्लोरीनची पुडी वेगळी, तिला तीन मिनिटं द्यावीच लागतात. एकूणमधून मुक्त वजा केला की संयुक्त (जुळलेला) क्लोरीन. जलशुद्धीकरण केंद्राच्या ऑपरेटरच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी ही वजाबाकी आणि 'डोस = मागणी (पाण्यात खर्च झालेला क्लोरीन) + शेष (उरलेला)' हे सूत्र प्रत्यक्ष रीडिंगवरच घोटावं. डोस २.५, शेष ०.६, म्हणजे मागणी १.९ मिग्रॅ/लिटर.

सर्वांत धोकादायक रीडिंग शून्याचं. क्लोरीन फारच जास्त असेल तर तो डीपीडीचा रंगच उडवतो. पुडी पडताक्षणी गुलाबी झाक चमकते, नळी पुन्हा रंगहीन, आणि पडद्यावर ०.०५ वगैरे काहीतरी. हे बघून डोस वाढवला तर झालंच कल्याण! म्हणून पुडी पडताना नजर नळीवर हवी. शंका आली तर २ मिली नमुना, ८ मिली डिस्टिल्ड पाणी, आणि येईल त्या आकड्याला ५ ने गुणायचं.

थंड पाण्याने नळीवर बाहेरून दव धरतं, त्यानेही आकडा फुगतो. बोटांचे ठसे, बुडबुडे, ओरखडे यांचंही तेच. नळी पुसायची आणि तिच्यावरची खूण दोन्ही वेळा एकाच दिशेला ठेवायची. चाचणी झाल्यावर नळी लगेच धुतली नाही तर गुलाबी थर बसतो. परमँगनेट (मँगनीजचं जांभळं रसायन) वापरणाऱ्या केंद्रात ऑक्सिडाइझ झालेलं मँगनीजही क्लोरीनसारखंच दिसतं. क्लोरीन घालण्याआधीच्या पाण्यावर आकडा आला तर संशय मँगनीजवर घ्यावा.

तपासणीसाठी मिळणाऱ्या जेलच्या नळ्या फक्त मीटरचं प्रकाशमापन तपासतात. पुडी दमट झालीय का, हलवताना कमी पडलं का, हे त्यांना कळत नाही. त्या बरोबर आल्या म्हणून निर्धास्त राहू नये.

खरी उणीव एकच: पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता, हा मीटर सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटना किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर ०.५ मिग्रॅ/लिटर मुक्त क्लोरीन सांगते, पण पीएच ८ च्या खाली असेल तर. ७.५ च्या आसपास निम्मा क्लोरीन जंतू मारायला जोरकस अशा हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. मीटर दोन्हीकडे ०.५ च दाखवतो. त्यामुळे खरेदीच्या यादीत पीएच मीटर याच्या शेजारीच लिहा.