‘पात्रता प्रमाणपत्रा’च्या नावाखाली झालेली फसवणूक

पर्यावरणविषयक नवकल्पनांसाठी दिल्या जाणाऱ्या एखाद्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराकरिता आपल्या प्रकल्पाचे नाव पुढे आले आहे, असे पत्र आले आणि त्यासोबत ‘पात्रता पडताळणी शुल्क’ मागितले गेले, तर उत्तर पाठवण्याआधी आमच्या बाबतीत काय घडले ते वाचावे, म्हणून हे लिहीत आहे. शेतीतील टाकाऊ अवशेषांपासून केलेल्या कोळशाची गाळणी वापरून घरगुती सांडपाणी पुन्हा वापरण्याजोगे करणारे एक साधन आमच्या लहानशा गटाने तयार केले होते. त्याच साधनाच्या निमित्ताने आम्हाला फसवण्यात आले. पैसे तर गेलेच, पण आमचे आराखडे कोणाच्या हाती पडले आहेत, याची चिंता त्याहून मोठी आहे.

पत्रात साधनाचे वर्णन अचूक होते, कारण आम्ही प्रसिद्ध केलेल्या माहितीपत्रकातूनच ते उचललेले होते. पुरस्काराचे नाव एका नामांकित पुरस्काराच्या नावाशी इतके मिळतेजुळते होते, की घाईत वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटावेत. स्वतःला संपर्क अधिकारी म्हणवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच संभाषणात सांगितले, की या पुरस्कारासाठी थेट अर्ज करता येत नाही, मान्यताप्राप्त नामनिर्देशकांकडूनच नाव जावे लागते आणि त्यांची संस्था तशी नामनिर्देशक आहे.

हे म्हणणे पटण्याचे कारण असे, की अशी पद्धत खरोखरच अस्तित्वात आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या अर्थशॉट पुरस्कारात निसर्गसंवर्धन, स्वच्छ हवा, महासागर, कचरामुक्त जग आणि हवामान अशा पाच विभागांतील विजेत्यांना प्रत्येकी दहा लाख पौंड मिळतात आणि त्यासाठीची नावे निवडक नामनिर्देशक संस्थांकडून मागवण्याची पद्धत आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या गोल्डमन पर्यावरण पुरस्काराची नामांकने तर गोपनीय ठेवली जातात. उलट 2008 मध्ये स्थापन झालेल्या झायेद शाश्वतता पुरस्कारासाठी संस्थांना आणि लघु-मध्यम उद्योगांना अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच अर्ज भरता येतो. म्हणजे ‘पात्रता’ या एकाच शब्दाखाली प्रत्येक पुरस्काराचे नियम वेगळे असतात. कुठे व्यक्तीचा विचार होतो, कुठे केवळ नोंदणीकृत संस्थेचा. कुठे कल्पना पुरेशी असते, तर कुठे ती प्रत्यक्ष वापरात असून तिचा परिणाम मोजलेला असावा लागतो. फसवणाऱ्यांना ही गुंतागुंत नीट ठाऊक होती आणि एका पुरस्काराचा नियम दुसऱ्याच्या नावावर सांगून ते आमच्या प्रत्येक शंकेचे समाधान करत होते. जे खरे होते तेवढेच त्यांनी आधी सांगितले. खोट्याची सुरुवात शुल्कापासून झाली.

पहिली मागणी पात्रता पडताळणीसाठी होती. ती रक्कम लहान गटाच्या महिन्याभराच्या खर्चात सामावेल इतकीच होती आणि मला वाटते, ती विचारपूर्वकच तशी ठेवलेली होती. त्यानंतर कागदपत्रांच्या प्रमाणित भाषांतराचे शुल्क आले, मग ‘परिणाम लेखापरीक्षणा’चे, आणि प्रत्येक वेळी मुदत दोन दिवसांवर आलेली असे. आमची नोंदणी अलीकडची असल्यामुळे नियमात बसत नाही, असे मध्येच कळवण्यात आले आणि ‘शिथिलता शुल्क’ भरल्यास ही अट माफ होईल, असेही त्याच पत्रात लिहिले होते. जी अट पैसे घेऊन माफ होते तिला अट म्हणताच येत नाही. कोणतेही प्रामाणिक परीक्षक मंडळ असा व्यवहार करणार नाही, कारण त्याने त्या पुरस्काराची सगळी प्रतिष्ठाच संपेल.

या मागणीनंतर आमच्या सहकारी ताईंनी मिळालेले ‘पात्रता प्रमाणपत्र’ पुन्हा तपासायला घेतले. त्यावर सोनेरी शिक्का होता, दोन सह्या होत्या आणि खाली क्यूआर कोड होता. तो स्कॅन केल्यावर एक पान उघडे आणि पात्रता क्रमांक टाकला की हिरव्या अक्षरांत ‘वैध’ असे दिसे. ताईंनी क्रमांकाचा शेवटचा अंक बदलून पाहिला, तरीही ‘वैध’. मग केवळ शून्ये टाकली, तरीही ‘वैध’. सह्या मोठ्या करून पाहिल्यावर दोन्हींचे वळण एकाच हाताचे असल्याचे स्पष्ट दिसले. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी केव्हा झाली हे कोणालाही पाहता येते. ते नाव आम्हाला पत्र येण्याच्या थोडेच आधी घेतलेले होते, आणि पत्रात मात्र पुरस्काराची कित्येक वर्षांची परंपरा वर्णन केलेली होती.

आता आराखड्यांविषयी. ‘तांत्रिक पात्रता’ ठरवण्यासाठी त्यांनी गाळणीच्या थरांची रचना, कोळसा तयार करतानाचे तापमान आणि चाचण्यांचे आकडे मागून घेतले होते. बहुतेक देशांच्या कायद्यांनुसार पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी शोध जाहीर झाला तर त्याचे नावीन्य संपते. गोपनीयतेचा करार नसताना दिलेले असे कागद उद्या कोणी प्रसिद्ध केले, तर आपला हक्क सिद्ध करणे अतिशय अवघड होते. म्हणून कोणत्याही पुरस्कारासाठी तांत्रिक तपशील पाठवण्यापूर्वी पेटंटचा निदान पहिला अर्ज तरी दाखल झालेला असावा. औद्योगिक मालमत्तेविषयीच्या पॅरिस करारानुसार (हवामानाचा पॅरिस करार वेगळा) त्या तारखेपासून 12 महिन्यांपर्यंत इतर सदस्य देशांत अर्ज करताना तोच अग्रक्रम मिळतो, म्हणजे पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते, त्यामुळे पुढील खर्चाचा निर्णय घेण्यास अवधी राहतो. अर्जाच्या पहिल्या टप्प्यावर परीक्षकांना साधन काय करते आणि त्याचा परिणाम किती झाला, एवढे सहसा पुरते. ते नेमके कसे बनते याचा पूर्ण तपशील त्या टप्प्यावर कोणी मागत असेल, तर कारण विचारावे आणि ते लेखी मागावे.

शुल्क मागितले एवढ्यावरून प्रत्येक स्पर्धेला खोटे ठरवणे अन्यायाचे होईल, कारण काही प्रामाणिक स्पर्धाही प्रवेशशुल्क घेतात. मात्र ते शुल्क नियमावलीत आधीपासून छापलेले असते, सर्वांना सारखे असते आणि संस्थेच्या खात्यावर जमा होते. आमच्याकडून मागितलेली रक्कम प्रत्येक वेळी वेगळ्या व्यक्तीच्या खात्यावर आणि शेवटी आभासी चलनात मागितली गेली होती. पत्रातील दुवा न उघडता पुरस्काराचे अधिकृत संकेतस्थळ स्वतः शोधावे, तिथले नियम पूर्ण वाचावेत आणि तिथल्याच पत्त्यावर विचारणा करावी. ज्या नामांकित पुरस्काराच्या नावाशी साम्य साधले होते, त्याच्या कार्यालयाला आम्ही लिहिले, तेव्हा अशा कोणत्याही प्रतिनिधीशी आपला संबंध नसल्याचे त्यांनी लगेच कळवले.

बँकेत आणि सायबर पोलिसांकडे आम्ही तक्रार नोंदवली आहे. सर्व ईमेल मूळ स्वरूपात, शीर्षमाहितीसह (म्हणजे ईमेल कुठून आणि कोणत्या मार्गाने आला याच्या नोंदीसह) जपून ठेवल्याचा त्यात उपयोग झाला, कारण केवळ स्क्रीनशॉटवरून पत्र कुठून आले ते कळत नाही. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. तक्रारीनंतर काही काळाने, फसवणुकीत गेलेले पैसे परत मिळवून देणारी संस्था म्हणून आम्हाला नवे पत्र आले. त्यात आम्ही भरलेल्या प्रत्येक शुल्काची रक्कम अचूक लिहिलेली होती, आणि ते आकडे आमच्याशिवाय, बँकेशिवाय आणि पोलिसांशिवाय फक्त त्या फसवणाऱ्यांनाच ठाऊक होते. ‘प्रकरण नोंदणी शुल्क’ भरण्यासाठी दिलेले खाते तर आम्ही पूर्वी ज्यावर पैसे पाठवले होते त्यांपैकीच एक होते. ते पत्रही आम्ही पोलिसांकडे दिले आहे.